मूठ किती आवळली? स्नायूंच्या संकेतांवरून पकडीचं बल काढताना

उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग चाचपून बघा. तळहाताच्या बाजूचे स्नायू कडक लागतात, त्यात नवल नाही, कारण बोटं मिटवणारे स्नायू तिथेच असतात. पण मागची बाजूही तितकीच टणक झालेली असते. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा मनगटावरून पुढे जातात, त्यामुळे मूठ आवळली की मनगटही आत वळू पाहतं. ते वळू नये म्हणून मागचे स्नायू त्याला धरून ठेवतात.

या चाचपण्यातून दोन गोष्टी हाती लागतात. बोटं हलवणारी मोठी यंत्रणा हाताच्या पंजात नसून कोपर ते मनगट या भागात आहे, म्हणूनच मनगटाच्या वर हात गमावलेल्या माणसाच्या उरलेल्या हातात ती बऱ्याच अंशी शिल्लक असते. अंगठ्याच्या बुडाशी असलेले स्नायू मात्र पंजाबरोबर जातात. दुसरी गोष्ट अशी, की ‘अमुक स्नायू म्हणजे पकड, तमुक म्हणजे उघडणं’ अशी सरळ वाटणी निसर्गाने केलेली नाही. कृत्रिम हातासाठी बलाचं मॉडेल, म्हणजे स्नायूंच्या संकेतांवरून पकडीचं बल काढणारं गणित, बनवायला बसलात की ही दुसरी गोष्ट पावलोपावली आडवी येते.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. थोडं प्रोग्रॅमिंग येतं, शाळेतलं भौतिकशास्त्र आठवतं, एवढं गृहीत धरलं आहे.

आधी हे डोक्यात पक्कं करा: संकेत म्हणजे हुकूम

त्वचेवर इलेक्ट्रोड लावून जे मोजतो त्याला ईएमजी (इलेक्ट्रोमायोग्राफी) म्हणतात. ते बल नव्हे. मेंदूकडून निघालेला हुकूम स्नायूच्या तंतूंपर्यंत पोचला, त्याची ती विजेतली खूण. त्या हुकमाचं पालन किती झालं, हे स्नायूची लांबी, तो किती दमलाय, सांधा कुठल्या कोनात आहे यावर ठरतं.

एक चेतापेशी आणि ती हलवते ते सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट होतं. बल वाढवायचे शरीराकडे दोन मार्ग: आणखी युनिटं कामाला लावायची, किंवा लागलेल्यांना जास्त वेगाने हुकूम सोडायचे. युनिटं कुठल्या क्रमाने लागतात हे हेनेमन या शास्त्रज्ञाच्या कामातून कळलं. लहान आधी, मोठी नंतर. म्हणून हलक्या पकडीत बल बारीक बारीक वाढवता येतं आणि जोरकस पकडीत ते मोठ्या पायऱ्यांनी वाढतं. त्वचेवरच्या इलेक्ट्रोडला अशा कितीतरी युनिटांचा गोंगाट एकदमच ऐकू येतो. त्यात एकेक आवाज वेगळा ओळखू येत नाही, पण गोंगाट किती मोठा आहे ते कळतं.

गोंगाटाचा हा मोठेपणा आणि बल यांचं नातं लिपोल्ड या संशोधकाने १९५२ मध्ये पोटरीच्या स्नायूवर तपासलं. सांधा स्थिर ठेवून ताण दिला तर ते जवळपास सरळ रेषेत येतं असं त्याला दिसलं. पुढे १९८३ मध्ये लॉरेन्स आणि डी लुका यांनी वेगवेगळे स्नायू शेजारी ठेवून पाहिले. तर्जनीला बाजूला नेणाऱ्या हातातल्या छोट्या स्नायूत नातं जवळपास सरळ, दंडातल्या मोठ्या स्नायूत मात्र वाकडं. सरळ रेषा पुरेल की वक्र लागेल, याचं उत्तर स्नायूगणिक बदलतं. ते आपल्याच डेटात बघायचं असतं.

पहिली पायरी: बल मोजायची सोय

सगळे जण इलेक्ट्रोडपासून सुरुवात करतात. मी उलटं सांगेन. आधी बल मोजणारं उपकरण नीट करा. मॉडेलला शिकवायचं ते बलच, आणि तेच चुकीचं मोजलं असेल तर पुढचं सगळं वाया.

लोड सेल म्हणजे धातूची छोटी पट्टी, तिच्यावर ताण मोजणाऱ्या तारा चिकटवलेल्या असतात. दाब पडला की तारांचा रोध किंचित बदलतो. हा बदल फार लहान असतो, म्हणून त्याला ॲम्प्लिफायर लागतो. शिकाऊ लोकांमध्ये एचएक्स ७११ ही चिप फार चालते. तिचं वाचन २४ बिटांचं असतं, पण वेग सेकंदाला १० किंवा ८० नमुन्यांचाच. विकत घेतलेलं मॉड्यूल बहुधा १० वर लावलेलं येतं. हळूहळू वाढवलेल्या दाबाला १० चालून जातील, झटक्यात दाबलं की नाही. ८० वर न्या.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे सेलचे अंक न्यूटनमध्ये कसे बदलायचे ते ठरवणं. रिकाम्या सेलचं वाचन समजा ८४,००० आलं आणि २ किलो वजन ठेवल्यावर १,२४,०००. फरक ४०,०००. २ किलो म्हणजे १९.६२ न्यूटन, तेव्हा एका न्यूटनला साधारण २,०३९ अंक. एवढ्यावर थांबू नका. निदान चार-पाच वेगवेगळी वजनं ठेवून बिंदू एका रेषेत बसतात का ते बघा, आणि वजनं उतरवतानाही वाचन लिहा. चढताना आणि उतरताना आकडे जुळत नसतील तर सेल बहुधा सैल बसवलेला आहे. स्क्रू घट्ट करा.

मूठ मोजायची तर दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये सेल बसवून पकड तयार करतात. चिमूट मोजायची तर अंगठा आणि तर्जनीमध्ये छोटा सेल पुरतो. पहिल्या खेपेला चिमूटच घ्या. मनगट आणि कोपर टेबलावर टेकवता येतं, कमी गोष्टी हलतात.

दुसरी पायरी: इलेक्ट्रोड कुठे आणि कसे

जागा शोधायला बोटांचाच उपयोग करा. हात टेबलावर तळवा वर करून ठेवा, एकेक बोट मिटा-उघडा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातडीखाली काय सरकतंय ते हुडका. बोटं मिटवणारा वरचा स्नायू तळहाताच्या बाजूला, मधल्या भागात सापडतो. बोटं ताठ करणारा मागच्या बाजूला मध्यभागी. सुरुवातीला ही दोन ठिकाणं बस झाली.

सिनियाम या युरोपीय प्रकल्पाच्या शिफारशी या कामात सर्रास पाळल्या जातात. एका जोडीतले दोन इलेक्ट्रोड एकमेकांपासून २० मिलिमीटर, तंतूंच्या दिशेला समांतर. स्नायूच्या टोकाला कंडरा सुरू होते तिथे लावू नका, संकेत मरतो. संदर्भाचा तिसरा इलेक्ट्रोड स्नायू नसलेल्या जागी, म्हणजे कोपराच्या किंवा मनगटाच्या हाडावर.

त्वचा आधी स्पिरिटने पुसा, वाळू द्या, केस जास्त असतील तर काढा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे वाचवलेली पाच मिनिटं पुढे दोन दिवस खातात. लावल्यावर कडेने पेनने खुणा करा आणि फोटो काढून ठेवा. उद्या त्याच जागी लावायचे आहेत.

सुरक्षिततेचं एक वाक्य, आणि ते गंभीरपणे घ्या: शरीराला जोडलेलं सर्किट बॅटरीवर चालवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. घरी जोडलेल्या सर्किटमध्ये घरातल्या विजेचा आणि माणसाचा कुठल्याही वाटेने संबंध येता कामा नये.

पडद्यावर पहिली रेघ उमटली की हात पूर्ण सैल सोडा. रेघ बारीक व्हायला हवी, काही मायक्रोव्होल्टची. मग हलकेच चिमटीत धरा. रेघ फुगते. जोर वाढवा, अजून फुगते, जोरात एखाद-दोन मिलिव्होल्टपर्यंतही जाऊ शकते. सोडल्यावर लगेच बारीक झाली तर जागा चांगली. सोडूनही रेघ जाडच राहिली तर दोन शक्यता: हात खरंच सैल नाही (नवख्यांचा हमखास नसतो), किंवा विजेचा गुणगुणाट शिरला आहे. रेघ मोठी करून बघा. एकसारख्या लाटा दिसल्या, सेकंदाला ५० किंवा ६०, तर तो गुणगुणाट. आधी संदर्भाचा इलेक्ट्रोड दाबून बघा, वायरी एकमेकींत गुंडाळा, जवळचा दिवा किंवा चार्जर लांब करा. ती वारंवारता कापणारा फिल्टर अगदी शेवटी, कारण ५० हर्ट्झच्या आसपास खऱ्या संकेताचाही मोठा भाग असतो आणि तोही कापला जातो.

तिसरी पायरी: नमुने किती वेगाने घ्यायचे

त्वचेवरच्या ईएमजीतला कामाचा भाग साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो. एखादी वारंवारता दिसायला तिच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात, म्हणून सेकंदाला किमान १०००, शक्यतो २००० नमुने. मायो नावाचा, कोपराखाली बांधायचा आठ इलेक्ट्रोडचा पट्टा एकेकाळी खूप गाजला. तो सेकंदाला २०० नमुनेच देत असे, म्हणजे १०० हर्ट्झच्या वरचं त्याला दिसतच नव्हतं. तरी त्यावर कामं झाली, कारण बलाचा अंदाज काढायला गोंगाटाची पातळी कळली तरी पुष्कळ निभावतं. आज सुरुवात करत असाल तर ही तडजोड कशाला?

यापेक्षा जास्त लोक अडकतात ते घड्याळात. ईएमजी एका यंत्रावर, बल दुसऱ्यावर, दोघांच्या वेळा वेगळ्या. सगळ्यात चांगलं म्हणजे लोड सेलचा वाढवलेला संकेत त्याच यंत्राच्या एका रिकाम्या चॅनेलला द्यायचा. ते जमत नसेल तर प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी सेलवर बोटाने तीन टिचक्या मारा. टिचकी सेलमध्ये टोकासारखी दिसते, आणि हात हलल्याने ईएमजीतही धक्का उमटतो. दोन्ही टोकं जुळवून घड्याळं किती सरकली ते काढता येतं.

चौथी पायरी: रेकॉर्डिंग

आधी कमाल जोर घ्या. तीन ते पाच सेकंद पूर्ण जोर, मग एक-दोन मिनिटं विश्रांती, असं तीनदा. श्वास रोखू नका. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाकडून हे करून घेऊच नका. तिन्हींतला सर्वात मोठा आकडा म्हणजे त्या दिवसाचं कमाल. पुढचं सगळं त्याच्या टक्क्यांत.

मग पडद्यावर एक रेघ दाखवा आणि माणसाला बलाने ती गाठायला सांगा. हळूहळू चढणारी, सपाट राहणारी, उतरणारी. १० टक्के, २०, ४०, ६०. क्रम उलटसुलट ठेवा, नाहीतर थकवा आणि बल दोन्ही एकत्रच वाढत जातील आणि कशाचा परिणाम काय ते उलगडणार नाही. मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती.

फक्त चढ-सपाट-उतार घेऊन थांबू नका. झटक्यात दाबून सोडलेले ठोके घ्या, लाटेसारखं वर-खाली घ्या, आणि काही मिनिटं नुसता आराम, ज्यात माणूस बोलतो, हात हलवतो, डोकं खाजवतो. हा ‘निरुपयोगी’ भाग पुढे सोन्यासारखा लागतो.

प्रयोगाला माणूस किंवा यंत्र नसेल तर निनाप्रो नावाचा खुला संग्रह आहे. त्याच्या दुसऱ्या संचात ४० धडधाकट व्यक्तींचा डेटा आहे, १२ इलेक्ट्रोड, सेकंदाला २००० नमुने, आणि एका भागात बोटांनी दाबण्याच्या ९ कृतींचं मोजलेलं बलही. तिसऱ्या संचात हात गमावलेल्या ११ व्यक्ती आहेत. पण माझं मत असं, की आपल्या हाताचा एक तरी तास स्वतः रेकॉर्ड केल्याशिवाय दुसऱ्याचा डेटा वाचता येत नाही. कुठली रेघ स्नायूची आणि कुठली हललेल्या वायरीची, हे पुस्तकातून उमगत नाही.

पाचवी पायरी: गोंगाटातून पातळी

कच्च्या संकेताला २० ते ४५० हर्ट्झची चाळणी लावा. त्याखालचं बहुतेक वायर हलल्याचं असतं. मग उणे भाग अधिक करा, म्हणजे निरपेक्ष मूल्य घ्या. मग २ ते ६ हर्ट्झमधली एक मर्यादा धरून तिच्या वरचं सगळं अडवणारी चाळणी लावा आणि गुळगुळीत करा. उरते ती पातळीची रेघ. तिच्यातून आरामाची पातळी वजा करा आणि कमाल जोराच्या पातळीने भागा.

आराम ६ मायक्रोव्होल्ट, कमाल ४००, आत्ता १२०. मग ११४ भागिले ३९४, म्हणजे सुमारे २९ टक्के.

इथे नवख्यांची हमखास चूक होते. प्रोग्रॅमिंगच्या तयार पॅकेजांत एक सोपा पर्याय असतो, जो फिल्टर पुढून एकदा आणि मागून एकदा फिरवतो. रेघ सुंदर येते, जराही मागे पडत नाही. पण मागून फिरवायचं म्हणजे भविष्यातले नमुने वापरायचे. कृत्रिम हाताला भविष्य माहीत नसतं. कागदावर छान चाललेलं मॉडेल प्रत्यक्ष हातात घातल्यावर ढिम्म का होतं, याचं हे एक मोठं कारण. पहिल्या दिवसापासून एकाच दिशेने चालणारा फिल्टर वापरा.

मग उशीर येतो. ३ हर्ट्झचा दुसऱ्या क्रमाचा बटरवर्थ (गुळगुळीत करायला नेहमी वापरतात तो) फिल्टर संथ बदलांना सुमारे ७५ मिलिसेकंद मागे ढकलतो. २०० मिलिसेकंदांची सरासरी घेतलीत तर १०० मिलिसेकंद. जास्त गुळगुळीत हवं तर जास्त उशीर, यातून सुटका नाही. सुदैवाने स्नायूही आळशी आहे. विजेची खूण उमटल्यावर बल दिसायला साधारण ३० ते १०० मिलिसेकंद जातात. त्यामुळे ‘उशीर झाला’ असं वाटणाऱ्या रेघेचा काही भाग खऱ्या बलाच्या उशिराशी जुळूनच जातो. दोन्ही रेघा एकावर एक ठेवून किती सरकवल्यावर सर्वात छान बसतात ते काढा. उत्तर उणे आलं, म्हणजे बल ईएमजीच्या आधी आलं, तर निसर्ग चुकलेला नाही, तुमचं घड्याळ चुकलंय.

फॅरेल आणि वीअर यांनी २००७ मध्ये नियंत्रणातल्या उशिराचा अभ्यास केला. त्यात १०० ते १२५ मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर योग्य ठरला. फिल्टर, गणित, मोटर सगळ्यांनी मिळून एवढ्यात बसायचं.

सहावी पायरी: मॉडेल, आणि घाई न करणं

सगळ्यात आधी एक आलेख काढा. आडव्या अक्षावर पातळी, उभ्यावर बल, प्रत्येक क्षणाचा एक ठिपका. बसा आणि बघा. ठिपके रेषेत आहेत की वाकले आहेत? चढताना आणि उतरताना वेगळ्या वाटेने जातात का? शून्य बलापाशी गर्दी आहे की पसारा? या दहा मिनिटांनी मला जितकं शिकवलंय तितकं कुठल्याही न्यूरल नेटवर्कने नाही.

मग पहिलं मॉडेल: एक चॅनेल (म्हणजे इलेक्ट्रोडच्या एका जोडीचा संकेत), सरळ रेषा. ते नोंदवून ठेवा. पुढचं कुठलंही मॉडेल याला हरवत नसेल तर ते टाकून द्यायचं.

दुसरं: सगळे चॅनेल, प्रत्येकाला एक गुणक. इथे सुरुवातीचा प्रयोग परत भेटतो. मागच्या बाजूच्या चॅनेललाही अधिक (+) गुणक मिळालेला दिसेल आणि तुम्ही म्हणाल, बोटं उघडणारा स्नायू पकडीत कसा? पकडीत मनगट धरून ठेवतो तोच शेजारी आहे, आणि इलेक्ट्रोडला शेजाऱ्याचाही आवाज ऐकू येतो. मॉडेल बरोबर आहे. पण याच चॅनेलवर ‘हात उघडा’ हा हुकूमही येणार आहे, हे लक्षात ठेवा. म्हणून शिकवण्याच्या डेटात नुसतं उघडण्याच्या कृतीही हव्यात, बल शून्य असताना. चॅनेल एकमेकांसारखे असतील तर गुणक भरकटतात, एक फार मोठा अधिक आणि शेजारचा फार मोठा उणे. गुणकांना लगाम घालणारं रिज रिग्रेशन वापरा.

तिसरं: वाकडेपणा. स्नायूंच्या मॉडेलमध्ये एक सूत्र बरंच वापरलं जातं, त्यात ‘अ’ नावाचा एकच आकडा बसवायचा असतो, ० आणि उणे ३ च्या मध्ये. ० जवळ असेल तर रेषा सरळ, जितका उणे तितकी वाकलेली. ‘ई’चा (गणितातला स्थिरांक, सुमारे २.७१८) (अ गुणिले पातळी) इतका घात, त्यातून १ वजा, आणि या सगळ्याला ‘ई’चा अ इतका घात वजा १ ने भागायचं. अ उणे २ धरला तर आपले २९ टक्के ५१ टक्के होतात. कमी पातळीला बल भराभर वाढतं आणि वर गेल्यावर तेवढ्याच बलासाठी जास्त वीज लागते, हे त्यात आपोआप येतं.

यापुढे दोन वाटा फुटतात. एक हिल या शास्त्रज्ञाची. त्याने १९३८ मध्ये स्नायू आखडण्याच्या वेगाचा आणि बलाचा संबंध मांडला, आणि त्यावर उभी राहिलेली मॉडेलं लांबी, वेग आणि कंडरेचा ताण हिशोबात घेतात. सांधा हलत असेल तर ही वाट अर्थपूर्ण आहे. स्थिर चिमटीला ती फार जड. दुसरी न्यूरल नेटवर्कची, जी मागचे काहीशे मिलिसेकंद एकत्र बघते. डेटा भरपूर असेल तर ती जिंकते. पण बऱ्याचदा ती आदल्या दिवशीच्या इलेक्ट्रोडच्या जागाच पाठ करते.

सातवी पायरी: स्वतःला फसवू नका

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सगळ्या रेकॉर्डिंगचे छोटे तुकडे केले, पत्त्यांसारखे पिसले आणि काही शिकवायला, काही तपासायला ठेवले. निकाल इतका झकास आला की मी तो दोघातिघांना दाखवलाही. मग एकाने विचारलं, शेजारचे तुकडे दोन्हीकडे गेले नाहीत का? गेले होते. एकमेकांवर चढलेले तुकडे जवळपास जुळे असतात. एक शिकवला आणि त्याचं जुळं विचारलं, तर ती परीक्षा कसली? पूर्ण प्रयत्न, म्हणजे एकेक सलग दाबणं, बाजूला काढून तपासल्यावर आकडे धाडकन खाली आले. वाटणी प्रयत्नांची करा, तुकड्यांची नाही. त्याहून कडक हवं तर एक दिवस शिकवा, दुसऱ्या दिवसावर तपासा. खरी परीक्षा तीच.

निकाल सांगताना आर-वर्ग हा आकडा (बलातले चढउतार मॉडेलने किती पकडले ते सांगणारा) सगळे देतात. त्याच्या सोबत सरासरी चूक न्यूटनमध्ये आणि कमालच्या टक्क्यांतही द्या. आणि एक तिसरा आकडा, जो क्वचितच कोणी देतं: आरामात असताना मॉडेल किती बल दाखवतं. बोलताना, डोकं खाजवताना जो डेटा घेतला होता तो आता काढा. आर-वर्ग उत्तम पण आरामात मॉडेल ३ टक्के गळतंय, तर तो हात मांडीवर ठेवलेला असताना आपोआप मिटत जाईल. वापरणाऱ्याच्या दृष्टीने असा हात भूत लागल्यासारखा. त्यामानाने ६० टक्क्यांच्या जागी ५५ आले तर त्याला कळणारही नाही.

मग मुद्दाम बिघडवा. कोपर ताठ करून दाबा, हात डोक्यावर नेऊन दाबा, तळवा खाली वळवून दाबा. मनगट फिरलं की कातडीखाली स्नायू सरकतात, इलेक्ट्रोड मात्र कातडीवरच राहतात. इलेक्ट्रोड १ सेंटीमीटर सरकवून बघा. दमेपर्यंत ४० टक्के धरून ठेवा. दमताना शरीर तेवढ्याच बलासाठी जास्त युनिटं लावतं, पातळी चढते, आणि संकेताची मधली वारंवारता खाली सरकते. मॉडेलला वाटतं बल वाढलं. वारंवारतेची ही घसरण वेगळी मोजत राहिलात तर ‘आता आकड्यावर भरवसा नको’ एवढं तरी सांगता येतं.

आठवी पायरी: ज्याला हात नाही त्याचं बल कसं मोजायचं

आत्तापर्यंतचं सगळं लोड सेलवर उभं होतं. ज्याच्यासाठी हे करायचं, त्याच्याकडे सेल दाबायला बोटंच नाहीत. अनेक शिकाऊ प्रकल्प इथे येऊन थांबतात.

एक उपाय म्हणजे आरसा. एकच हात गमावलेला असेल तर दोन्ही हातांनी एकाच वेळी सारखाच जोर लावायला सांगायचं, शाबूत हातातलं बल मोजायचं आणि उरलेल्या हाताचा ईएमजी घ्यायचा. नील्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा मार्ग तपासला. दोन्हींचा जोर तंतोतंत जुळत नाही, पण शिकवायला पुरेसा जवळ येतो.

दुसरा उपाय म्हणजे पडद्यावरची रेघ. ती वर जाताना ‘मनातल्या हाताने जोर वाढवा’ असं सांगायचं आणि रेघेलाच बल मानायचं. दोन्ही हात नसलेल्यांना हाच मार्ग. इथे कमाल जोर मागू नका, ‘आरामात जमेल इतका मोठा’ जोर मागा. वर्षानुवर्षं न वापरलेले स्नायू पटकन दमतात, पेटके येतात, आणि नसलेला हात दुखूही शकतो. दुखलं की थांबा.

उरलेल्या हातावर चिकटणारे जेलचे इलेक्ट्रोड रोज लावत नाहीत. कृत्रिम हाताच्या ज्या खोबणीत उरलेला हात बसतो, तिच्यात धातूचे कोरडे इलेक्ट्रोड बसवलेले असतात. सकाळी त्वचा कोरडी, दुपारी घाम, आणि हात उचलला की कृत्रिम हाताच्या वजनाने खोबणी थोडी सरकते. तुमच्या टेबलावरच्या स्वच्छ डेटाशी याचं फार नातं नाही.

नववी पायरी: मोटरला काय सांगायचं

मॉडेलने सांगितलेलं बल थेट मोटरला देऊ नका. वस्तूला बोटं लागेपर्यंत बल म्हणजे काय? हवेत बल नसतं. म्हणून स्पर्श होईपर्यंत तोच आकडा वेग समजायचा, स्पर्श झाल्यावर बल. शून्याजवळ एक मुका पट्टा ठेवा, म्हणजे बारीक गळती आत जाणार नाही. आणि पकडून झाल्यावर? माणूस वस्तू धरून तासभर स्नायू आवळून बसणार नाही. कित्येक कृत्रिम हातांचे गिअर मोटर बंद केली तरी उलटे फिरत नाहीत, पकड तशीच राहते. म्हणून शेवटचं मोठं बल धरून ठेवायचं, आणि ‘उघड’ हा स्पष्ट हुकूम आल्यावरच सोडायचं. मुका पट्टा किती रुंद, उघडण्याचा उंबरठा किती उंच, हे वापरणाऱ्याला विचारून ठरवा, आलेखाला विचारून नव्हे.

शेवटची चाचणी त्याच्या समोर करा. पडद्यावर एक आडवी पट्टी दाखवा, २० टक्क्यांची, आणि त्याच्या मॉडेलने काढलेला ठिपका तिच्यात दहा सेकंद धरायला सांगा. मग ४०. मग परत २०. डेटावर थोडं कमी पडलेलं मॉडेल इथे छान चालताना दिसलं तर चक्रावू नका. २०१४ मध्ये जियांग, फरिना आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं: अचूक जुळणी आणि प्रत्यक्षातलं नियंत्रण यांचा संबंध वाटतो तितका घट्ट नसतो, कारण ठिपका दिसत असला की माणूस स्वतःच दुरुस्त्या करतो. त्याला दुरुस्त करता येत नाही ते क्षणाक्षणाला थरथरणारं मॉडेल.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रोड परत लावल्यावर ठिपका कलंडलेला असेल. लगेच सगळं नव्याने शिकवायला बसू नका. आरामाची पातळी पुन्हा मोजा, आरामात जमणारा मोठा जोर पुन्हा एकदा घ्या, हे दोन आकडे बदला आणि गुणकांना हात न लावता २० टक्क्यांची पट्टी परत दाखवा.